टंचाई सरली, पर्याय उरला

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि त्यानंतर महिनाभरातच जावा बेटही जपानच्या ताब्यात गेले. या पराभवाचा हिशेब मांडताना रबर, कथील आणि खनिज तेल यांची नावे नेहमी घेतली जातात. त्या यादीत एका वेलीच्या मुळाचे नाव मात्र सहसा आढळत नाही. मलाया आणि डच ईस्ट इंडीज येथे पिकणाऱ्या डेरिस नावाच्या वेलीच्या मुळापासून रोटेनोन हे कीटकनाशक मिळत असे. मुळे वाळवून दळावयाची आणि त्या भुकटीची पिकावर धुरळणी करावयाची, एवढीच त्याची कृती. माणसाला त्याचा फारसा अपाय नसल्यामुळे इंग्लंड-अमेरिकेतील भाजीपाला पिकविणारे शेतकरी त्यावर विसंबून असत. सिंगापूरबरोबर हा पुरवठाही बुडाला. युद्धकाळात उभा राहिलेला कीटकनाशकांचा प्रश्न आणि त्यावर शोधलेली उत्तरे यांचा विचार आज करण्याचे कारण असे की, ती टंचाई काही वर्षांत संपली. परंतु तिच्यापोटी जन्माला आलेले पर्याय पुढील अर्धशतकाहून अधिक काळ जगाच्या, आणि विशेषतः भारताच्या, शेतीत ठाण मांडून बसले.

मुळे, फुले आणि तांबे

युद्धापूर्वीच्या शेतकऱ्याजवळ कीड आणि रोग यांविरुद्धची साधने मोजकीच होती. गंधक आणि मोरचूद ही बुरशीजन्य रोगांसाठी. सोमलापासून बनविलेली लेड आर्सेनेट, कॅल्शियम आर्सेनेट आणि पॅरिस ग्रीन ही पाने खाणाऱ्या अळ्या व भुंगेरे यांच्यासाठी. मावा आणि तत्सम रस शोषणाऱ्या किडींसाठी तंबाखूच्या टाकाऊ भागांतून काढलेले निकोटिन. आणि डेरिसच्या जोडीला पायरेथ्रम. हे पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातील एका पांढऱ्या फुलाची भुकटी. ही फुले मूळची एड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशियातील. पहिल्या महायुद्धात तेथील व्यापार विस्कळीत झाला तेव्हा जपानने ती बाजारपेठ काबीज केली. डिसेंबर १९४१ मध्ये जपान शत्रू झाला आणि दोस्त राष्ट्रांची सारी भिस्त केनियातील मळ्यांवर येऊन पडली.

या यादीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तिचे दोन विशेष ध्यानात येतात. पहिला असा की, यातील बहुतेक वस्तू विशिष्ट भूप्रदेशाशी किंवा विशिष्ट धातूशी बांधलेल्या होत्या. एक सागरी मार्ग बंद पडला की एक औषध नाहीसे व्हावे, अशी ही रचना होती. दुसरा विशेष मागणीचा आहे. कीटकनाशकावरील खर्च हा पिकाच्या एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो. परंतु कीड पडल्यावर ते हाताशी नसेल तर बियाणे, नांगरट, खत आणि मजुरी हा आधीचा सारा खर्च वाया जातो. त्यामुळे त्याची मागणी त्या क्षणी जवळजवळ अलवचीक असते. भाव दुप्पट झाला म्हणून शेतकरी फवारणी निम्मी करू शकत नाही.

त्यातही युद्धात शेतकऱ्याचा प्रतिस्पर्धी स्वतः सैन्यच होते. तांबे मोरचुदासाठी हवे, तसेच ते तोफगोळ्यांसाठी आणि विजेच्या तारांसाठीही हवे. जर्मनीने याचा कटू अनुभव पहिल्या महायुद्धातच घेतला होता. १९१६ च्या ओल्या उन्हाळ्यात बटाट्यावर करपा पसरला. तो रोखणाऱ्या बोर्डो मिश्रणाला मोरचूद लागते आणि तांबे तर युद्धसामग्रीकडे वळलेले. नाकेबंदी, खतांचा अभाव आणि मजुरांची उणीव यांची त्यात भर पडली. बटाट्याचे पीक जवळजवळ निम्म्यावर आले आणि तो हिवाळा जर्मन जनतेला सलगमासारख्या कंदांवर काढावा लागला. दुसऱ्या महायुद्धात हीच कथा पायरेथ्रमच्या बाबतीत घडली. उष्ण कटिबंधात लढणाऱ्या सैनिकांना शत्रूइतकीच मलेरियाच्या डासाची भीती होती. साहजिकच अमेरिकेत पायरेथ्रमचा साठा प्रामुख्याने सैन्यासाठी राखला गेला आणि शेतीच्या वाट्याला उरलेसुरले आले.

टंचाईवरील पहिली उत्तरे

टंचाई आली की मनुष्य प्रथम आहे तेच पुरवून वापरतो. पायरेथ्रमच्या अर्कात तिळाचे तेल मिसळल्यास त्याची मारकशक्ती वाढते, हे १९४० च्या सुमारास अमेरिकेत आढळून आले होते. सैन्याला पुरविलेल्या फवाऱ्याच्या डब्यांत या तेलाचा उपयोग झाला. दुसरे उत्तर नव्या भूमीचे. डेरिसऐवजी पेरू आणि ब्राझीलमधील त्याच गुणाच्या मुळांना मागणी आली. भारतात काश्मीर आणि निलगिरीच्या डोंगरांवर पायरेथ्रमची लागवड झाली. तिसरे उत्तर मानवी श्रमाचे. कोलोराडो भुंगेऱ्यापासून बटाटा वाचविण्यासाठी जर्मनीत १९३५ मध्येच एक स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली होती. युद्धकाळात शाळेतील मुलांना वर्गातून थेट शेतात नेऊन भुंगेरे व त्यांच्या अळ्या हाताने वेचावयास लावले जाई. रसायनाची जागा येथे मुलांच्या बोटांनी घेतली होती.

ही तिन्ही उत्तरे उपयोगी होती, परंतु त्यांचा आवाका मर्यादित होता. तेलाने साठा वाढत नाही, फुलांच्या नव्या मळ्यांना काळ लागतो आणि लाखो एकरांवरची कीड हाताने वेचता येत नाही. म्हणून चौथ्या उत्तराकडे, म्हणजे कारखान्यात बनविता येईल अशा रसायनाकडे, सर्वांचे लक्ष लागले.

तीन देश, तीन रसायने

विशेष गोष्ट अशी की, या शोधातून पुढे आलेले तीन प्रमुख रसायन-वर्ग तीन वेगवेगळ्या देशांच्या अडचणींतून आले.

चोहोबाजूंनी युद्धाने वेढलेल्या स्वित्झर्लंडला अन्नाबाबत स्वावलंबी होणे भाग होते. बाझेल येथील गायगी कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये डीडीटीचे कीटकनाशक गुण आढळले. हे संयुग नवे नव्हते; ओथमार त्साइडलर या विद्यार्थ्याने ते १८७४ मध्येच तयार केले होते. सत्तरीकडे झुकलेले हे संयुग प्रथम स्वित्झर्लंडमधील बटाट्याच्या शेतात कोलोराडो भुंगेऱ्यावर वापरले गेले. १९४२ मध्ये त्याचे नमुने अमेरिकेला पोहोचले आणि १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात उवांमार्फत पसरणाऱ्या टायफसची साथ आटोक्यात आणण्यात त्याने मोठा वाटा उचलला. १९४८ मध्ये म्युलर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्रिटनची अडचण डेरिसची होती. सलगमाच्या कोवळ्या रोपांवर पिसवेप्रमाणे उड्या मारणारे भुंगेरे पडतात. त्यांच्यावरचा उपाय म्हणजे डेरिस, आणि डेरिस तर जपानच्या ताब्यात. १९४२ मध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या संशोधकांना बीएचसी हे संयुग त्याऐवजी उपयोगी पडते, असे दिसून आले. मायकेल फॅरडे यांनी ते १८२५ मध्येच प्रथम बनविले होते. त्याला लागणारे बेंझीन कोळशापासून मिळे आणि क्लोरीन मिठापासून. दोन्ही मायदेशीच उपलब्ध. त्यासाठी एकही जहाज समुद्रात घालावे लागत नव्हते.

जर्मनीची अडचण परकीय चलनाची आणि आयात निकोटिनची होती. आय. जी. फार्बेन या उद्योगसमूहात गेरहार्ड श्रेडर हे कीटकनाशकांसाठी फॉस्फरसच्या सेंद्रिय संयुगांचा शोध घेत होते. १९३६ मध्ये त्यांच्या हाती लागलेले टाबुन आणि पुढे १९३८ मध्ये लागलेले सारिन ही संयुगे इतकी भयंकर निघाली की, सैन्याने ती रासायनिक अस्त्रे म्हणून गुप्त ठेवली. याच मालिकेतून माव्यावर निकोटिनला पर्याय म्हणून ब्लाडान आले आणि १९४४ मध्ये पॅराथिऑन. शेतातील किडीचे विष आणि रणांगणावरील विषारी वायू ही येथे शब्दशः सख्खी भावंडे होती.

युद्धात एखाद्या पर्यायाची निवड करताना विचारले जाणारे प्रश्न थोडके असतात. तो काम करतो काय? तो देशात बनतो काय? तो ताबडतोब मिळतो काय? संकटाच्या प्रसंगी हेच प्रश्न योग्यही असतात. टायफसने माणसे मरत असताना वीस वर्षांनंतरच्या पक्ष्यांच्या अंड्यांची चिंता कोणी करावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. शिवाय त्या काळच्या माणसापुढे तुलनेसाठी सोमल आणि शिसे होते. त्यांच्या मानाने डीडीटी सौम्य वाटले, यात नवल नाही. म्युलर यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात आदर्श कीटकनाशकाची जी लक्षणे सांगितली, त्यांत स्वस्तपणाबरोबर दीर्घकाळ टिकून राहण्याच्या गुणाचाही समावेश होता. पायरेथ्रम उन्हात काही तासांत निष्प्रभ होते. डीडीटी महिनोन्‌महिने टिकते. त्या वेळी हा गुण होता. दोष म्हणून त्याची नोंद व्हावयास आणखी दीड-दोन दशके जावी लागली.

शांततेतील बाजार

खरा प्रश्न १९४५ नंतरचा आहे. समुद्र मोकळे झाले, मलाया परत मिळाला, केनियाचे मळे तर फुललेलेच होते. टंचाई हेच पर्यायाचे कारण असते, तर टंचाई संपल्यावर जुन्या वस्तूंनी आपली जागा पुन्हा घ्यावयास हवी होती. तसे झाले नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेत डीडीटीची विक्री सर्वसामान्य नागरिकांसाठी खुली झाली आणि वनस्पतिजन्य कीटकनाशकांची मागणी घसरली.

याची कारणे अर्थशास्त्रात शोधावी लागतात. सैन्यासाठी उभारलेले कारखाने तयार होते. त्यांचा भांडवली खर्च होऊन चुकला होता. अशा कारखान्याला प्रत्येक जादा टनासाठी फक्त कच्चा माल आणि मजुरी यांचा खर्च येतो. हाताने खुडलेले फूल या भावाशी स्पर्धा करू शकत नाही. जर्मन रसायनांविषयीची माहिती दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पथकांनी गोळा केली आणि ती इतर देशांतील उत्पादकांना उपलब्ध झाली. एकदा यंत्रे, विक्रेते, फवारणीचे पंप आणि शिफारशींची पत्रके या रसायनांभोवती गुंफली गेली की, मग पर्याय हा पर्याय राहत नाही. तोच मुख्य मार्ग होतो आणि जुना मार्ग विस्मृतीत जातो.

आणखी एक कारण अधिक खोलवरचे आहे. या रसायनांची बाजारातील किंमत ही त्यांची पूर्ण किंमत नव्हती. मातीत साठणारे विष, नदीतील मासळीचा नाश, दुधात उतरणारा अंश, फवारणाऱ्या मजुराचे आरोग्य हा खर्च उत्पादकाच्या हिशेबवहीत कोठेच नोंदला जात नव्हता. तो दुसऱ्यांच्या खात्यावर पडत होता. जो खर्च किमतीत दिसत नाही, त्याच्यामुळे वस्तू स्वस्त भासते आणि स्वस्त वस्तू गरजेपेक्षा अधिक वापरली जाते. १९४६-४७ मध्येच स्वीडन आणि इटलीतील माश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले ते १९६२ मध्ये, आणि अमेरिकेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली ती १९७२ मध्ये. आरंभीची निवड तीन-चार वर्षांत झाली. तिच्या फेरविचाराला पाव शतक लागले.

केरळ ते यवतमाळ

भारताच्या वाट्याला ही रसायने आयत्या स्वरूपात आली. त्यांच्या श्रेयाची बाजू प्रथम नोंदविली पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख माणसे त्याने दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांतून डीडीटीची फवारणी झाली. १९६५ च्या सुमारास रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. ही कामगिरी कोणीही नाकारू शकणार नाही. परंतु डासांत प्रतिकारशक्ती निर्माण झाली, यंत्रणाही सुस्तावली आणि १९७६ मध्ये हाच आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

शेतीत बीएचसीची भुकटी घरोघरी पोहोचली. तिचे अर्थकारण चमत्कारिक होते. या संयुगाचे अनेक प्रकार असतात. सूत्र एकच, पण अणूंची मांडणी निराळी. त्यांपैकी कीड मारतो तो मुख्यतः गॅमा हा एकच प्रकार, आणि तयार मालात त्याचे प्रमाण शेकडा दहा ते पंधरा. म्हणजे शंभर किलो भुकटी विकत घेणारा शेतकरी पंच्याऐंशी ते नव्वद किलो निरुपयोगी, परंतु मातीत टिकून राहणारा पदार्थ आपल्याच पैशाने शेतात पसरीत होता. त्याचे अंश पुढे गाईम्हशींच्या आणि मातांच्याही दुधात आढळले. डीडीटीच्या शेतीतील वापरावर भारतात १९८९ मध्ये बंदी आली आणि बीएचसीवर १९९७ मध्ये. ब्रिटनमधील सलगमाच्या वाफ्यासाठी शोधलेला तात्पुरता पर्याय भारतीय शेतीतून हद्दपार व्हावयास पंचावन्न वर्षे लागली.

निकोटिनच्या जर्मन पर्यायाने तर अधिक दारुण किंमत घेतली. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनचा स्पर्श झालेले धान्यपदार्थ खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हे विष आणि खाण्याचे जिन्नस एकाच वाहतुकीत शेजारी शेजारी ठेवले गेले होते. या घटनेनंतर सुरू झालेल्या विचारविनिमयाची परिणती १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात झाली. ‘फॉलिडॉल’ या व्यापारी नावाने ते विष महाराष्ट्राच्या खेड्यांतही पोहोचले. ते नाव पिकाच्या संरक्षणासाठी किती वेळा उच्चारले गेले आणि आत्महत्येच्या बातमीत किती वेळा, हे जुन्या पिढीतील वाचकांना वेगळे सांगावयास नको. त्याचे भावंड मिथिल पॅराथिऑन यावर बंदी आली ती २०१८ मध्ये.

त्यानंतर पर्यायांना पर्याय शोधण्याची मालिकाच सुरू झाली. ब्रिटनमधील रॉथम्स्टेड येथे मायकेल एलियट यांनी पायरेथ्रमच्या फुलातील द्रव्याचे अनुकरण करून १९७३ मध्ये उन्हात टिकणारे कृत्रिम रसायन सिद्ध केले. युद्धात हरवलेले फूल तीस वर्षांनी कारखान्यातून परत आले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. भारतात ते कापसावर इतके फवारले गेले की, १९८७ मध्ये आंध्रातील बोंडअळी त्याला जुमानेनाशी झाली. २००२ मध्ये बीटी कापूस आला. पुढे गुलाबी बोंडअळीने त्याच्यावरही मात केली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कापसात, उकाड्यात, अंगावर पुरेसे संरक्षक कपडे नसताना फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकऱ्यांचा आणि शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला.

न विचारलेले प्रश्न

यावरून रसायने एका फटक्यात बंद करावीत, असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. श्रीलंकेने २०२१ मध्ये, परकीय चलनाच्या चणचणीत, रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. त्यातून आलेल्या टंचाईला युद्ध कारण नव्हते, पण तिचे स्वरूप युद्धकालीन टंचाईचेच होते. भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. पर्याय हाताशी नसताना वस्तू काढून घेणे म्हणजे टंचाई स्वतःहून ओढवून घेणे होय. आणि टंचाईत केलेली निवड नेहमी घाईची असते.

तेव्हा धडा निराळाच आहे. पर्यायांचा शोध विपुलतेच्या काळात घेतला पाहिजे. त्याच वेळी चौथा, पाचवा आणि सहावा प्रश्न विचारण्याची सवड असते. हा पदार्थ काम झाल्यावर कोठे जातो? तो हाताळणारा माणूस कोण आहे आणि त्याला काय ठाऊक आहे? किडीने त्याला दाद दिली नाही, तर पुढे काय? हे प्रश्न बाजार आपण होऊन विचारणार नाही. कडुनिंबाचे उदाहरण बोलके आहे. निंबोळीच्या अर्काने टोळ पिकापासून दूर राहतात, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले होते. तरीही निंबोळी अर्क शेतकऱ्यांच्या शिफारशींत राहिला आणि दुकानांच्या फळ्यांवर इतर डबे राहिले. जी वस्तू शेतकरी घरच्या घरी करू शकतो, तिची जाहिरात कोणी करावी? जिला विक्रेता नाही, तिच्या संशोधनाचा आणि प्रसाराचा भार सार्वजनिक पैशानेच उचलावा लागतो. कृषी विद्यापीठे आणि विस्तार यंत्रणा यांवरचा खर्च म्हणजे अनुदानाचे ओझे समजणाऱ्या अर्थनीतीने हा हिशेब एकदा नीट मांडला पाहिजे.

मराठी शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. दुकानदारही औषध म्हणूनच देतो आणि मजूरही औषध मारावयास म्हणूनच जातो. औषध लिहून देणारा आधी रोग्याची नाडी पाहतो, मात्रा सांगतो आणि पथ्यही सांगतो. गावच्या कृषी सेवा केंद्रात उधारीवर डबा नेणाऱ्या शेतकऱ्याला यांपैकी बहुधा फक्त डबा मिळतो. युद्धाच्या घाईत ज्यांनी हे डबे प्रथम भरले, त्यांना वेळ नव्हता ही सबब होती. ऐंशी वर्षांच्या शांततेनंतर ती सबब आज कोणालाच सांगता येणार नाही.